गॅमा किरणांचे जोडतारे: खानदेशातल्या लॅपटॉपवरून अभ्यास कसा सुरू करायचा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प निवडायची वेळ आली की आमच्याकडची हुशार मुलंसुद्धा खगोलशास्त्रावर काट मारतात. कारण ठरलेलं असतं: आपल्याकडे दुर्बीण कुठे आहे? मी चोपडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि हा समज मला मुळापासून घालवायचा आहे. गॅमा किरणांच्या जोडताऱ्यांच्या बाबतीत तर तो मुळीच खरा नाही. अवकाशातून गॅमा किरण पाहणाऱ्या फर्मी उपग्रहाने टिपलेले फोटॉन ऑगस्ट २००९ पासून जगातल्या कुणालाही फुकट मिळतात. ते तपासायची सॉफ्टवेअर खुली आहेत. पुढच्या पिढीची वेधशाळा, म्हणजे चेरेंकोव्ह टेलिस्कोप अ‍ॅरे ऑब्झर्व्हेटरी (आपण सीटीएओ म्हणू), स्पेनच्या ला पाल्मा बेटावर आणि चिलीतल्या परानालजवळ उभी राहते आहे. तिचा डेटाही ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुला होणार आहे. तो येईपर्यंत काय शिकून ठेवायचं, ते इथे लिहिते.

आधी विषय थोडक्यात. सूर्याच्या कितीतरी पट वजनाचा, तापलेला निळा तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर, अशी ही जोडी असते. अशा जोड्या भरपूर आहेत, पण ज्यांची बहुतेक ऊर्जा गॅमा किरणांत बाहेर पडते अशा आतापर्यंत जेमतेम दहाच्या आसपास सापडल्या आहेत. त्यांतल्या काहींमध्ये पल्सार, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक लयीत स्पंद देणारा न्यूट्रॉन तारा, आहे हे पक्कं झालं आहे. पल्सारचा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटणारा कणांचा वारा आणि मोठ्या ताऱ्याचा दाट वारा एकमेकांवर आदळतात, तिथे इलेक्ट्रॉन प्रचंड ऊर्जा मिळवतात. ही टक्कर कक्षेतल्या प्रत्येक जागी वेगळी असते. प्रयोगाची मांडणी निसर्ग दर फेरीला स्वतःच बदलतो आणि पुन्हा तीच मांडणी करून दाखवतो. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं?

पहिला तारा कोणता घ्यावा

एलएस आय +६१ ३०३ घ्या. पहिल्या प्रकल्पासाठी मी दुसरं नाव सुचवणार नाही. शर्मिष्ठा तारकासमूहात तो आहे, फेरी २६.५ दिवसांची आहे आणि गॅमा किरणांत तो बराच तेजस्वी आहे. १९७०च्या दशकात कॉस-बी उपग्रहाला त्या जागी गॅमा किरण दिसले होते. २००६ मध्ये ला पाल्मावरच्या मॅजिक दुर्बिणीने त्याच्याकडून येणारे टीईव्ही (लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे किरण जाहीर केले. २०२२ मध्ये चीनच्या फास्ट रेडिओ दुर्बिणीला तिथून ०.२७ सेकंदाच्या आवर्तनाचे स्पंद मिळाले, म्हणजे आत न्यूट्रॉन तारा आहे. आत न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर, हा इतकी वर्षं चाललेला वाद त्या एका निरीक्षणाने बराचसा मिटला.

तारा डोळ्यांनीही बघून घ्या. दृश्य प्रकाशात तो अकराव्या प्रतीच्या जवळपास आहे, म्हणजे आठ इंची दुर्बिणीतून अंधाऱ्या जागेवरून दिसतो. दिवाळीच्या सुमारास मध्यरात्री तो आपल्या आकाशात उत्तरेला साधारण ५० अंशांवर असतो. तोरणमाळला किंवा रावेर तालुक्यातल्या पालकडे सातपुड्यात आकाश अजून चांगलं आहे. अभ्यासाच्या दृष्टीने त्या ठिपक्याचा फारसा उपयोग नाही. पण ज्याचे आलेख पुढे कित्येक महिने काढायचे आहेत तो एकदा समोर पाहिलेला असावा, असं मला ठामपणे वाटतं. आमच्याकडचा एक विद्यार्थी आयपीसला डोळा लावून नुसतं म्हणाला, "हाईच शे का तो?" आणि बराच वेळ उठलाच नाही.

एलएस ५०३९ ही अशीच दुसरी जोडी. तिची फेरी फक्त ३.९ दिवसांची आहे आणि भौतिकी तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते. पण तो आकाशगंगेच्या गर्दीच्या पट्ट्यात आहे, शेजारच्या स्रोतांचा उजेड त्याच्यात मिसळतो. तो दुसऱ्या वर्षी घ्या.

डेटा उतरवण्याआधी अहर्गण

मुलं पहिल्याच दिवशी काही जीबींच्या फाइल्स डाउनलोडला लावतात. थांबा. आधी वहीत कला काढायला शिका. कला म्हणजे फेज: शून्य ते एक या मापात तारा कक्षेत कुठे आहे ते.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालू राहावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. त्या मठात जे गणित शिकवलं जात असणार, तेच आपल्याला इथे लागतं. एका ठरलेल्या आरंभापासून किती दिवस गेले ते मोजायचं, म्हणजे अहर्गण. त्याला फेरीच्या काळाने भागायचं. पूर्णांक टाकून द्यायचा, उरलेला अपूर्णांक म्हणजे जागा. आजचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात ती मॉडिफाइड ज्युलियन डेट हा अहर्गणच आहे, त्याचा आरंभ १७ नोव्हेंबर १८५८ ची मध्यरात्र.

उदाहरण करून बघा. १ जानेवारी २०२६, जागतिक वेळेनुसार शून्य तास, हा दिवस ६१०४१. एलएस आय +६१ ३०३ साठी सगळे जण शून्य कला ४३३६६.२७५ या दिवशी धरतात आणि काळ २६.४९६ दिवस घेतात. वजाबाकी १७६७४.७२५. भागाकार ६६७.०७. म्हणजे त्या क्षणी ६६७ फेऱ्या पूर्ण होऊन कला ०.०७ होती. दोन्ही तारे सगळ्यात जवळ येतात ती कला वेगवेगळ्या अभ्यासांत ०.२३ ते ०.२८ अशी येते, म्हणजे ती वेळ चार-साडेपाच दिवस पुढे.

आता त्याच वहीत दुसरं गणित करा, कारण खरं शहाणपण तिथे आहे. २६.४९६ या आकड्यात ०.००२८ दिवसाची अनिश्चितता आहे. एका फेरीत ती चार मिनिटांची आहे, कुणी लक्षही देणार नाही. ६६७ फेऱ्यांनी गुणलं की जवळजवळ दोन दिवस होतात, म्हणजे कलेत ०.०७. म्हणून फेरीचे दहा भाग पाडलेत तर चालेल, पन्नास भाग पाडून बारीक शिखरांवर अर्थ लादू नका. भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांतला साडेपाच तासांचा फरक इथे किरकोळ आहे. एलएस ५०३९ ला मात्र तो कलेत ०.०६ चा घोटाळा घालतो.

कक्षेतली जागा एवढी महत्त्वाची का

हा भाग सावकाश वाचा. इलेक्ट्रॉन गॅमा किरण एकट्याने तयार करत नाहीत. निळ्या ताऱ्याचे अतिनील फोटॉन त्यांच्यावर आदळतात आणि इलेक्ट्रॉन त्यांना ऊर्जा देऊन पुढे फेकतात. याला इन्व्हर्स कॉम्प्टन म्हणतात. धडक समोरासमोर झाली तर ऊर्जा भरपूर मिळते, पाठीमागून झाली तर फारच कमी. पावसात मोटारसायकल चालवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही: थेंब समोरून आले की टोचतात, पाठीमागून आले की जाणवतही नाहीत.

आपल्याकडे येणारा गॅमा किरण हा आपल्याच दिशेने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनकडून येतो. न्यूट्रॉन तारा मोठ्या ताऱ्याच्या मागे असेल, तर असा इलेक्ट्रॉन मोठ्या ताऱ्याकडे तोंड करून धावतो आणि त्याचा प्रकाश समोरून झेलतो. गॅमा किरण जोरात तयार होतात. पण आता ते किरण त्याच ताऱ्याच्या शेजारून, दाट अतिनील प्रकाशातून बाहेर पडायला हवेत. गॅमा फोटॉनची ऊर्जा पुरेशी असेल तर तो अतिनील फोटॉनवर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बनते आणि किरण तिथेच संपतो. दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ताराप्रकाशासाठी ही मर्यादा समोरासमोरच्या धडकेत सुमारे २६ जीईव्हीला सुरू होते (एक जीईव्ही म्हणजे शंभर कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एक एमईव्ही म्हणजे दहा लाख). कागदावर काढून बघा: इलेक्ट्रॉनच्या ०.५११ एमईव्हीचा वर्ग करा आणि दहाने भागा.

म्हणून एलएस ५०३९ मध्ये जीईव्हीचं शिखर आणि टीईव्हीचं शिखर कक्षेच्या विरुद्ध बाजूंना येतात. न्यूट्रॉन तारा किंवा जे काही तिथे आहे ते मागे असताना फर्मीला तो जास्त तेजस्वी दिसतो. ते पुढे आल्यावर नामिबियातल्या हेस दुर्बिणींना तो जास्त तेजस्वी दिसतो. एलएस आय +६१ ३०३ मध्ये टीईव्ही किरण प्रामुख्याने ०.६ ते ०.७ कलेच्या आसपास, ताऱ्यापासून दूर गेल्यावर मिळतात. त्याच्याभोवती निळ्या ताऱ्याने फेकलेल्या वायूची तबकडीही आहे, त्यामुळे तिथलं चित्र एवढं सरळ नाही.

पुढच्या पिढीच्या दुर्बिणी कशासाठी हव्यात याचं उत्तर त्या २६ जीईव्हीत आहे. फर्मीचा शोधक जेमतेम चौरस मीटरभराचा, दहा-वीस जीईव्हीच्या वर त्याला फोटॉन फार थोडे मिळतात. जमिनीवरच्या जुन्या दुर्बिणींना शंभर जीईव्हीच्या खाली जाताना त्रास होतो. जिथे किरण गिळले जायला लागतात नेमका तोच पट्टा आतापर्यंत अंधुक राहिला. सीटीएओची २३ मीटर आरशाची मोठी दुर्बीण २० जीईव्हीपासून बघू शकेल अशी बांधली आहे. पहिली अशी दुर्बीण ला पाल्मावर ऑक्टोबर २०१८ मध्ये उद्घाटन होऊन कामाला लागली आहे. आपल्या देशातही लडाखमध्ये हानले इथे ४२७० मीटर उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटरची मेस दुर्बीण आहे, तिचं उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ ला झालं. तिचंही लक्ष्य खालच्या ऊर्जांपर्यंत पोचायचं आहे.

या दुर्बिणी गॅमा किरण थेट पाहत नाहीत. किरण वातावरणात शिरला की साधारण दहा किलोमीटर उंचीवर कणांचा वर्षाव होतो, त्यातून काही नॅनोसेकंदांची निळसर चमक सुटते आणि जमिनीवर सुमारे १२० मीटर त्रिज्येच्या गोलात पसरते. त्या गोलात कुठेही आरसा असला तरी किरण सापडतो. चौरस मीटरभराच्या जागी हजारो चौरस मीटरचा शोधक मिळतो, तो असा.

फर्मीचं काम

एलएस आय +६१ ३०३ कडून शंभर एमईव्हीच्या वर, एका चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला सुमारे दशलक्षांश फोटॉन येतो. म्हणजे नखाएवढ्या जागेवर साधारण बारा दिवसांत एक. हे मनात ठेवूनच फाइल उघडा. एकेका फोटॉनला किंमत आहे.

लॅपटॉपला आठ जीबी मेमरी असली तरी सुरुवात होते. फर्मीचा डेटा तपासायची खुली सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मीटूल्स, थेट विंडोजवर चालत नाहीत, लिनक्स टाका किंवा विंडोजमधलंच लिनक्स वापरा. फर्मीच्या डेटा सर्व्हरवर ताऱ्याची जागा, १५ अंशांची त्रिज्या आणि फक्त एक वर्षाचा काळ भरा. सगळी वर्षं नंतर. मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी डाउनलोड रात्री लावावं आणि मध्येच तुटलं तर तिथूनच पुढे चालू राहील अशी आज्ञा वापरावी. आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून कलेच्या प्रत्येक भागाचा निकाल तयार झाला की लगेच वेगळ्या फाइलमध्ये साठवायचा, हा नियम मी मुलांकडून कडकपणे पाळून घेते.

पहिल्या फेरीत लाइकलिहूडच्या, म्हणजे सगळ्या स्रोतांचं मॉडेल डेटावर बसवायच्या पद्धतीच्या, नादी लागू नका. ताऱ्याभोवती एक अंशाचं वर्तुळ घ्या, फर्मीटूल्समधल्या जीटीसिलेक्ट आणि जीटीएमकेटाइम या आज्ञांनी फोटॉन निवडा, पृथ्वीच्या कडेचा उजेड टाळायला शिरोबिंदूपासून ९० अंशांची मर्यादा घाला, जीटीबिनने एकेक दिवसाचे गठ्ठे करा. मग जीटीएक्स्पोजरने प्रत्येक गठ्ठ्याचं एक्स्पोजर, म्हणजे शोधकाने त्या दिवशी ताऱ्याकडे किती पाहिलं ते, काढा आणि भागा. ही भागाकाराची पायरी कुणी वगळू नये, आणि या ताऱ्याला तर मुळीच नाही. फर्मीच्या कक्षेचं प्रतल सुमारे ५३ दिवसांत एकदा फिरतं. त्याची निमपट साडेसव्वीसच्या अगदी जवळ, २६.७ च्या आसपास येते. एक्स्पोजरने भागलं नाही, तर उपग्रहाची लय आणि ताऱ्याची लय एकमेकींत मिसळतात. नुसत्या पिरिऑडोग्रॅमवर (डेटातल्या लयी दाखवणाऱ्या आलेखावर) दोन्ही शिखरं वेगळी दिसायला नऊ-दहा वर्षांचा सलग डेटा लागतो. म्हणून एक्स्पोजरचा स्वतंत्र आलेख काढा, त्याचंही लॉम्ब-स्कार्गल पिरिऑडोग्रॅम काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. परीक्षकांनी विचारलं तर हा कागद दाखवायचा.

त्यानंतर लाइकलिहूड. त्यासाठी फर्मीपाय हे पायथनचं सॉफ्टवेअर वापरा. शंभर एमईव्हीला फर्मीची नजर कित्येक अंशांनी धूसर असते, म्हणूनच १५ अंशांतले सगळे स्रोत मॉडेलमध्ये घ्यावे लागतात, शिवाय आकाशगंगेचा पसरलेला उजेड. ताऱ्याच्या वर्णपटाला कटऑफ असलेला पॉवर लॉ बसवा, म्हणजे ऊर्जेच्या एका घातांकाने उतरत जाणारी आणि एका ऊर्जेनंतर झपाट्याने कोसळणारी रेषा. कटऑफ काही जीईव्हीवर येतो. मग विचार करा: जीईव्हीलाच घसरगुंडी लागते, तर वरचे टीईव्ही किरण कुठून येतात? बहुधा दुसऱ्या जागी, दुसऱ्या इलेक्ट्रॉनांकडून. प्रकल्प अहवालात हा प्रश्न स्पष्ट लिहा.

सगळी वर्षं जोडली की आणखी एक लय दिसते, सुमारे १६६७ दिवसांची, म्हणजे साडेचार वर्षांहून थोडी जास्त. २६.५ दिवसांचं शिखर या काळात लहान-मोठं होत राहतं. म्हणून एका वर्षाचा आलेख दुसऱ्याच्या प्रबंधातल्या आलेखाशी जुळला नाही तर घाबरून आकडे ओढूनताणून जुळवू नका.

सीटीएओची रंगीत तालीम

सीटीएओच्या अपेक्षित क्षमतेच्या इन्स्ट्रुमेंट रिस्पॉन्स फाइल्स (दुर्बिणींना कोणत्या ऊर्जेचा किरण किती नीट दिसेल ते सांगणाऱ्या) खुल्या आहेत आणि गॅमापाय हे पायथनचं सॉफ्टवेअर त्या वाचतं. वेधशाळेच्या विज्ञान-साधनांचा पायाही गॅमापायच आहे, म्हणून आज शिकलेलं उद्या वाया जात नाही. ला पाल्मावरून एलएस आय +६१ ३०३ शिरोबिंदूपासून कमीत कमी साडेबत्तीस अंशांवर येतो, त्यामुळे उत्तरेची ४० अंशांची फाइल घ्या. मॉडेल म्हणून २.६ घातांकाचा पॉवर लॉ घाला, मग त्याच मॉडेलमध्ये ३० जीईव्हीपासून खड्डा पाडा, जणू किरण गिळले गेले आहेत. अर्धा तास, पाच तास, पन्नास तास अशी निरीक्षणं सिम्युलेट करा आणि किती वेळात खड्डा असलेलं आणि नसलेलं मॉडेल वेगळं ओळखू येतं ते पाहा. हे सिम्युलेशन पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रँडम सीडने चालवा. एकाच वेळच्या निकालावर काहीही लिहू नका.

मग वेळापत्रक करा, हा मला सगळ्यात आवडणारा भाग. चेरेंकोव्ह दुर्बिणींना पौर्णिमेच्या आसपास काम नीट करता येत नाही. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, ताऱ्याची फेरी साडेसव्वीसची. दर महिन्याला पौर्णिमा कलेत तीन दिवसच पुढे सरकते. संपूर्ण फेरीभर सरकायला तिला सुमारे २६० दिवस लागतात आणि तारा तर रात्रीच्या आकाशात सोयीचा असतो काही महिनेच. म्हणून एखाद्या हंगामात ०.६५ ची कला सतत चांदण्यातच अडकते. कालनिर्णय समोर ठेवून पुढच्या तीन हंगामांचा तक्ता काढा: कोणत्या अमावास्येला कोणती कला. दुर्बिणीवर वेळ मागणाऱ्या प्रत्येक गटाला हा तक्ता लागतो, आणि तो करायला दुर्बीण लागत नाही. एलएस ५०३९ चा तक्ताही करून बघा. त्याची फेरी चार रात्रींना इतकी जवळ आहे की एकाच ठिकाणाहून त्याच चार कला पुन्हा पुन्हा दिसतात आणि मधल्या जागा भरायला सुमारे सहा आठवडे लागतात.

२०२७ ची तयारी

दक्षिण आकाशात पीएसआर बी१२५९−६३ ही आणखी एक गॅमा किरणांची जोडी आहे. तिथला पल्सार ४८ मिलिसेकंदांत एकदा फिरतो आणि १२३६.७ दिवसांतून एकदा आपल्या ताऱ्याजवळून जातो. मागची भेट ३० जून २०२४ ला झाली. अहर्गण मोजा, पुढची १८ नोव्हेंबर २०२७ च्या आसपास येते. परानालवरून त्या दिवसांत तो पहाटेपूर्वी थोडाच वेळ आणि बऱ्यापैकी खालीच असेल, कारण सूर्य त्याच भागात आहे. डिसेंबर-जानेवारीत परिस्थिती सुधारते. २०१० च्या भेटीत फर्मीला जोरदार भडका दिसला तोही जवळच्या बिंदूनंतर महिनाभराने, आणि ताऱ्यांच्या अंतराच्या हिशेबाने तो अपेक्षितच नव्हता. भडक्याचं कारण अजून सर्वांना मान्य होईल असं ठरलेलं नाही.

फर्मीला पहाट-संध्याकाळ नाही, तो साधारण तीन तासांत सगळं आकाश पाहतो आणि त्याचे फोटॉन टिपल्यावर लवकरच सर्व्हरवर येतात. म्हणून आत्ता एसवाय-टीवायला असलेल्या मुलांना मी सांगते: २०१०, २०१४, २०१७, २०२१ आणि २०२४ या पाचही भेटींचा डेटा उतरवा, प्रत्येक भेटीच्या दिवसाला शून्य धरून पाच आलेख एकाखाली एक काढा आणि तीच स्क्रिप्ट रोज नवा डेटा घेऊन सहावा आलेख आपोआप वाढवत नेईल अशी करून ठेवा. ऑक्टोबर २०२७ पर्यंत ती तपासून झालेली असली पाहिजे. एमएस्सीचा अंतर्गत परीक्षेचा काळ साधारण त्याच सुमारास येतो, म्हणून दोघांनी मिळून हे काम घ्या आणि रोजचा आलेख कोण बघणार ते आधीच वाटून घ्या.